कापड, पोत आणि रंग : घर सजवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत पडदे, अभ्रे, गाद्या आणि बैठकीचं काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं ते बहुतेक मोबाइलवरचा फोटो दाखवत येतं. फोटोत रंग दिसतो, पण कापडाला हात लावल्यावर काय वाटतं ते कळत नाही, आणि बरेचसे चुकलेले पडदे तिथेच चुकलेले असतात. सांगली, मिरज, विटा, कराड, सातारा इथल्या घरांतून मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

आधी भिंतीचा रंग ठरवायचा की पडदे-सोफ्याचं कापड?

आधी कापड. रंगाच्या दुकानात यंत्रावर पाहिजे ती छटा कालवून मिळते. कापडाच्या दुकानात मात्र तुम्हाला आवडलेल्या, परवडणाऱ्या आणि पुरेसे मीटर शिल्लक असलेल्या कापडाच्या छटा चार, फार तर पाच असतात. जे कमी मिळतं ते आधी धरावं आणि जे हवं तसं मिळतं ते त्याला जुळवून घ्यावं.

कापडाच्याही आधी फरशी बघा, कारण ती बदलायची नसते. कोटा फरशीत हिरवट-निळसर झाक असते, शहाबादी करडी असते, आणि आताच्या टाइल्स बहुतेक दुधी किंवा बदामी. हिरवट फरशीवर गुलाबीकडे झुकणारं बदामी कापड मळल्यासारखं दिसतं. फरशी, मग कापड, मग भिंत, हा क्रम धरा. वास्तुशांतीची तारीख जवळ आली की रंगारी पहिल्यांदा बोलावला जातो आणि सगळं उलटं होतं. तारीख गाठायचीच असेल तर भिंतींना तेवढ्यापुरता पांढरा हात मारून घ्या. खरा रंग दोन महिन्यांनी द्या.

तुम्ही सारखं पोत पोत म्हणता. पोत म्हणजे नेमकं काय, आणि रंगापेक्षा त्याला महत्त्व कशाला?

हा शब्द आपल्याकडे शेतामुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रानातली माती मुठीत घेऊन दाबली की शेतकऱ्याला जमिनीचा पोत कळतो. कापडाचंही तसंच आहे. डोळे मिटून हात फिरवल्यावर जे कळतं, तो पोत: खरखरीत, मऊ, गुळगुळीत, दाट, विरळ, लव असलेलं.

जुनं घर आठवून बघा. शेणाने सारवलेली जमीन, चुन्याची भिंत, सागवानी खांब, दगडी जोतं, कोपऱ्यात घडी घातलेलं घोंगडं, पाटाखाली बसकर, फळीवर घासलेली पितळेची भांडी. रंग मोजले तर चार-पाचच भरतील. तरी ती खोली कधी उदास वाटली नाही, कारण प्रत्येक वस्तूचा पोत वेगळा होता. आता आजचा हॉल बघा. गुळगुळीत टाइल, चकचकीत सनमायका, धुता येणारा चमकदार ऑइलपेंट, रेक्झिनचा सोफा, पॉलिस्टरचा पडदा. पाच वस्तू, पाच रंग, पण हात लावला तर सगळीकडे एकच. मग लोक म्हणतात, "सगळं नवीन केलं, तरी खोली भरल्यासारखी वाटत नाही," आणि आणखी एक रंग घालतात. तिथे रंग कमी पडलेला नसतो.

याला कारण आहे. गुळगुळीत पृष्ठभाग उजेड आरशासारखा एका दिशेला परत फेकतो. खरबरीत पृष्ठभागावर धाग्याधाग्याची बारीक सावली पडते आणि उजेड सगळीकडे विखुरतो. म्हणून एकच डाळिंबी रंग मखमलीवर खोल दिसतो, सॅटिनवर चमकतो आणि खादीवर शांत होतो. रंग आणि पोत वेगवेगळे ठरवताच येत नाहीत.

आवाजाचंही तेच. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा. आवाज घुमला तर त्या खोलीत कापड कमी आहे. मिरजेत एका घरी मुलगी तंबोरा लावून रियाज करायची आणि नव्या हॉलमध्ये सूर घुमतो म्हणून ती जुन्या, अडगळीच्या खोलीतच बसायची. हॉलमध्ये जाड सुती पडदे, खाली सतरंजी आणि एका भिंतीला अस्तर लावलेली घोंगडी एवढंच केलं. रंग एकही बदलला नाही. ती आता हॉलमध्ये बसते.

करून बघायला सोपी गोष्ट सांगते: आपल्या हॉलमध्ये डोळे मिटून चार वस्तूंना हात लावा. चारही सारख्याच लागल्या तर पुढची खरेदी खरखरीत काहीतरी असू द्या, रंग कुठलाही घ्या.

दुकानात आवडलेला रंग घरी आल्यावर वेगळाच दिसतो. फसवतात का?

नाही, फरक उजेडाचा असतो. दुकानातले दिवे बहुतेक वेळा ६५०० केल्विनचे, निळसर पांढरे. घरी संध्याकाळी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळा दिवा असेल तर निळे-करडे रंग मंद पडतात आणि लाल-पिवळे फुलतात. त्यातही दोन कापडं दुकानात एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि घरी जुळत नाहीत, असं होतं. रंगवायला वापरलेली रसायनं वेगळी असली की एका उजेडात ती सारखी दिसतात, दुसऱ्या उजेडात नाही. सोफ्याच्या कापडाला पडदा जुळवताना हा घोळ फार होतो.

खिडकीची दिशाही बघावी लागते. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर स्थिर आणि जरा थंड असतो. तिथे करडा रंग दिला की खोली आणखी गार वाटते. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी ऊन केशरी होतं आणि बदामी भिंत चक्क नारिंगी दिसायला लागते.

म्हणून दुकानदाराकडून अर्धा मीटर कापड विकत घ्या. बोटभर नमुन्यावरून काही कळत नाही. ते खिडकीपाशी टांगून सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर, असं तीनदा बघा. भिंतीच्या रंगासाठी दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठ्याला दोन हात मारा आणि तो पुठ्ठा प्रत्येक भिंतीला टेकवून बघा. भिंतीवरच पट्टा मारला की शेजारचा जुना रंग डोळ्याला चकवतो. अर्ध्या मीटरचे पैसे वाया जातात असं वाटतं, पण बारा मीटर चुकलेलं कापड मी लोकांना कपाटात ठेवून दिलेलं पाहिलं आहे.

पश्चिमेची खिडकी आहे. एप्रिल-मेमध्ये खोली भट्टी होते. कोणता पडदा लावू?

आधी बाहेरून आडोसा करा. ऊन काचेतून एकदा आत आलं की उष्णता खोलीत आलीच. पडदा त्यातली थोडीशीच परत पाठवतो. छज्जा दुपारच्या, डोक्यावरच्या उन्हाला अडवतो, पण मावळतीचं ऊन खालून तिरकं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. बांबूची चिक बाहेरून सोडा, वाळ्याचा पडदा मिळाला तर आणखी उत्तम.

आतल्या पडद्याला पांढरं किंवा मोतिया अस्तर लावायचंच. अस्तर उष्णता परत फेकतं आणि मुख्य कापडाचा रंग वाचवतं. रेशमी कापड पश्चिमेला बिनअस्तराचं कधीच टांगू नये. उन्हाने रेशमाचा धागा कमजोर होतो आणि दोन-तीन वर्षांत घडीवर चिरा पडतात. रंगांत माझ्या अनुभवात राणी आणि जांभळा सगळ्यांत आधी विटतात. बदामी, राखाडी, गेरू हे विटले तरी कळत नाही.

पडद्याला कापड किती घ्यायचं?

उदाहरणच घेऊ. खिडकी सहा फूट रुंद. दांडी दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच जास्त घ्यायची, म्हणजे पडदा सरकवल्यावर काच झाकली जात नाही. दांडी झाली साडेसात फूट, ९० इंच. चुण्या नीट पडाव्यात म्हणून दुप्पट कापड, १८० इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंच असेल तर १८० भागिले ४८, म्हणजे पावणेचार, म्हणून चार पट्टे. शिवल्यावर उंची सात फूट हवी तर ८४ इंच, अधिक वरचा-खालचा दुमड १२ इंच, म्हणजे एक पट्टा ९६ इंच. चार पट्ट्यांचे ३८४ इंच, पावणेदहा मीटर. सुती कापड पहिल्या धुण्याला पाच टक्क्यांपर्यंत आटतं, म्हणून साडेदहा मीटर घ्या.

मोठं नक्षीकाम असेल तर नक्षी जिथून पुन्हा सुरू होते तेवढं अंतर दर पट्ट्याला जास्त लागतं. नक्षी बारा इंचांनी परत येत असेल तर चार पट्ट्यांना चार फूट जादा. हे टेलरला आधी विचारा, कारण नंतर त्याच लॉटचं कापड मिळेलच असं नाही.

पन्हा ५४ इंच असेल तर तीन पट्ट्यांत भागतं. चुण्या किंचित कमी पडतात, पण जाड कापडाला त्याच बऱ्या दिसतात. कापड वाचवायचं म्हणून दीडपट मात्र घेऊ नका. असा पडदा ओढल्यावर चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. बजेट कमी असेल तर स्वस्त कापड घ्या, पण भरपूर घ्या. साधा मांजरपाट दुप्पट चुण्यांनी टांगला तर महागड्या कापडाच्या ताणलेल्या पडद्यापेक्षा कितीतरी देखणा दिसतो.

दांडी खिडकीच्या चौकटीला चिकटवू नका, पाच-सहा इंच वर घ्या. पडदा जमिनीच्या अर्धा इंच वर थांबावा. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते, जमिनीवर लोळणारा पडदा महिन्यात काळा होतो.

घोंगडी, सोलापुरी चादर, खण हे आजच्या फ्लॅटमध्ये शोभतं का?

शोभतं. मी तर म्हणते, आपल्या भागात राहून हे न वापरणं म्हणजे घरात विहीर असून पाणी विकत आणणं.

घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे साताऱ्यात माण-खटाव, हा सगळा मेंढपाळांचा पट्टा. खड्ड्याच्या मागावर विणतात आणि धाग्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी कडक आणि टोचरी लागते. रंग लोकरीचे मूळचेच: काळा, तपकिरी, पांढरा. अंगाखाली नको वाटत असेल तर तिचा टोचरेपणाच दुसरीकडे उपयोगी पडतो. पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीला, लाकडी दांडीवर टांगा. गुळगुळीत भिंतीवर काळी घोंगडी आली की अख्ख्या खोलीला वजन येतं. दिवाणखान्यातल्या लाकडी बाकावर चौपट घडी करून बैठक म्हणून घाला. लोकर हवेतला दमटपणा शोषून घेते आणि तरी ओली लागत नाही, त्यामुळे पावसाळ्यातही तिच्यावर बसायला बरं वाटतं. तिला एक शत्रू, कसर. चार महिन्यांतून एकदा कडक उन्हात झटकून वाळवा, ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. धुवायची झाली तर थंड पाणी आणि रिठा, पिळायचं नाही, सावलीत आडवी पसरून वाळवायची.

सोलापुरी चादर जकार्ड मागावरची, भौगोलिक मानांकन मिळालेली. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि एका बाजूला जो रंग नक्षीमागच्या कापडाचा असतो तो दुसऱ्या बाजूला नक्षीचा होतो. एकच चादर पलंगावर घालून पायाकडचा भाग उलटा दुमडला तर दोन रंगांचा मेळ आपोआप साधतो. फक्त तिची नक्षी मोठी असते, म्हणून त्या खोलीत पडदे साधे ठेवा.

खणाबद्दल जरा सांभाळून. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, आणि त्याची खरी गंमत धूपछाव: ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) रंग एक, बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) दुसरा, कापड हललं की छटा बदलते. साताऱ्यात या कापडाच्या नावाची आख्खी खणआळी आहे. हल्ली लोक सोफा, पडदे, टेबलाचं कापड, तोरण सगळंच खणाचं करतात आणि खोली लग्नाच्या मांडवासारखी होते. खण थोडाच शोभतो. दोन अभ्रे, नाहीतर साध्या सुती पडद्याला खाली हातभर पट्टी. उरलेलं कापड शांत असू द्या, म्हणजे नजर खणावर थांबते.

साध्या कापडासाठी इचलकरंजी आणि विटा हे यंत्रमागाचे गाव हाताशी आहेत. तिथलं कोरं सुती कापड स्वस्त पडतं, पण त्यात खळ असते. शिवायच्या आधी रात्रभर भिजवा, धुवा, इस्त्री करा. खळ गेली की कापड आटतं, आणि त्याचा खरा पोत तेव्हा हाताला लागतो.

आजीच्या साड्या आहेत. कापायला जीव होत नाही, आणि ट्रंकेत पडून खराब होतायत. काय करू?

हा प्रश्न विचारताना बायकांचा आवाज बदलतो. घाईने कात्री लावणारी मी नाही.

पहिल्यांदा साडी उलगडून उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम त्या रेघेवर विरतं. घडीवर बारीक उजेड दिसला तर ती साडी ताण सहन करणार नाही. तिचा पडदा किंवा बैठक होणार नाही. तिचा पदर काचेच्या चौकटीत लावा, भिंतीला, ऊन न येणाऱ्या बाजूला. कापायची गरजच नाही, बाकीची साडी घडी करून मागे ठेवता येते.

साडी धड असेल तर तिचं गणित सोपं आहे. पाचवारी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५-४६ इंच पन्ह्याची. तिचे सात फुटी दोन पडदे होतात, दोन्ही कडांना काठ उभे उतरतात, आणि वरून पदराचा तुकडा उरतो त्याचे दोन अभ्रे. असे दोन पट्टे जेमतेम पावणेचार फुटांच्या दांडीला नीट पडतात, मोठ्या खिडकीला नाही. नऊवारीत आणखी एक पट्टा निघतो.

आपल्याकडच्या आज्यांच्या ट्रंकेत बहुतेक इरकल निघते. इरकलीचं अंग बऱ्याचदा सुती आणि पदर रेशमी, लाल, विणतानाच अंगाला जोडलेला. तो जोड कापू नका, तीच तिची ओळख आहे. जेवणाच्या टेबलावर मधोमध लांब पट्टी म्हणून पदरासकट तसाच भाग टाकला की बाकी काही लागत नाही.

जरीचं काम असेल तर ते पाठीला, मानेला लागणाऱ्या ठिकाणी नको. जर टोचते आणि घामाने काळी पडते. सोफ्याच्या कोपऱ्यातली शोभेची उशी चालेल.

आणि काही साड्या तशाच ठेवाव्यात. मलमलीत गुंडाळून, वर्षातून दोनदा घडी बदलून. कपाटात ठेवलेली साडीही घरातलीच असते.

वाकळ हॉलमध्ये ठेवली तर गावंढळ दिसेल का?

नाही. वाकळ ही आपल्याकडची पोताची सगळ्यांत समृद्ध वस्तू. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर जवळजवळ घातलेला धावदोरा, आणि धुऊन धुऊन कापडाला पडलेल्या बारीक सुरकुत्या. यंत्रावर शिवलेल्या रजईला ही लाट येत नाही. सोफा एकरंगी असेल तर त्याच्या पाठीवर अर्धी दुमडून टाका. गावाकडे अजून हाताने वाकळ शिवून देणाऱ्या बायका आहेत. जुनं कापड नेऊन द्या, मजुरी रोख द्या, घासाघीस करू नका. एका वाकळीला कित्येक दिवसांची दुपार जाते.

साठ-तीस-दहाचा नियम पाळायचा का?

साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के उठावदार, असा तो नियम. सुरुवात म्हणून बरा आहे. पण मला कासचं पठार जास्त शिकवून गेलं. सप्टेंबरात तिथे सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, सगळे भडक रंग शेजारी शेजारी असतात आणि तरी डोळ्याला खुपत नाहीत. कारण एकेक फूल नखाएवढं, आणि मागे काळा जांभा-कातळ आणि ओलं हिरवं गवत. भडक रंग घरात जरूर आणा, पण बारीक ठिपक्यांत आणा आणि मागे खरबरीत, शांत काहीतरी असू द्या. तोच पिवळा सपाट भिंतभर दिला की जड होतो.

हॉलला हळदी रंग द्यायचाय. चालेल?

सांगलीकरांना हळदीचं वेगळं सांगायला नको. पण पिवळा रंग भिंतीवर पुस्तकातल्या नमुन्यापेक्षा गडद दिसतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर पिवळा उजेड टाकतात. आवडलेल्या छटेपेक्षा दोन पायऱ्या फिकी घ्या. किंवा एकाच भिंतीला द्या आणि उरलेल्या साईच्या रंगाच्या ठेवा.

कापड खऱ्या हळदीने रंगवलेलं असेल तर ते खिडकीत टांगू नका. हळदीचा डाग उन्हात वाळवला की उडतो आणि साबण लागला की लाल होतो, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. रंगवलेल्या कापडाचंही तेच होतं.

आणखी एक. रंगाऱ्याशी बोलताना "येलो" म्हणू नका. आपल्याकडे लिंबोणी, श्रीखंडी, हळदी, केशरी असे शब्द आहेत, तसेच अंजिरी, आमसुली, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी. साडीच्या दुकानात वाढलेल्या या शब्दांनी छटा नेमकी सांगता येते.

भिंतीला ओल आहे. पूर येऊन गेलेला. कोणता रंग टिकेल?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्यानंतर दोन वर्षं मी हा प्रश्न रोज ऐकला. २०२१ ला पुन्हा. भिंत सुकल्याशिवाय कुठलाच रंग टिकत नाही. पाणी ओसरल्यावर दिवाळीच्या आत रंग द्यायची सगळ्यांना घाई असते, मी समजू शकते, घर पुन्हा घरासारखं दिसावं असं वाटतं. पण पुराचं पाणी भिंतीत मुरलेलं असतं. वरून प्लॅस्टिक पेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, भिंतीतला खार वर येऊन लोणा फुटतो आणि रंग पापुद्र्याने निघतो. एक अख्खा उन्हाळा जाऊ द्या. तोवर चुना मारा. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर पडू देते, आणि तिचा मऊ, किंचित उंचसखल पोत मला तरी कुठल्याही महागड्या टेक्श्चर पेंटपेक्षा आवडतो.

पुरात भिजलेल्या कापसाच्या गाद्या ठेवू नका. माझ्याकडच्या मी काळजावर दगड ठेवून टाकून दिल्या. पडदे आणि चादरी वाचतात: आधी नुसत्या थंड पाण्यात गाळ निघेपर्यंत खळबळा, मग साबण. गाळासकट साबण लावला तर डाग बसतो.

महाबळेश्वर, पाचगणी, जावळीकडे प्रश्न पुराचा नाही, चार महिने न हटणाऱ्या दमटपणाचा आहे. तिथे जाड मखमल आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा नको, बुरशी धरते. जूनच्या आधी जाड पडदे उतरवून हलके, लवकर वाळणारे लावा. इथे सुती-पॉलिस्टर मिश्रण शुद्ध सुतीपेक्षा सोयीचं. सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या.

सोफ्याला कोणतं कापड?

घट्ट विणीचं. नखाने ओढून बघा, धागा सरकला तर नको. चांगल्या कापडाच्या नमुना-वहीत मार्टिंडेल चाचणीचा आकडा, म्हणजे कापड किती वेळा घासलेलं सोसतं ते, लिहिलेला असतो. रोजच्या घरगुती वापराला २०-२५ हजारांच्या पुढचा आकडा बघा. रेक्झिन आपल्या उन्हाळ्यात घामाने चिकटतं आणि काही वर्षांत सोलपटतं. मुलं लहान असतील तर एकरंगी फिकं कापड टाळा. दोन-तीन छटांचे धागे मिसळून विणलेलं कापड घ्या, डाग त्यात मुरून जातो. आणि खोळ चेनची करून घ्या.

लहान खोलीला गडद रंग द्यायचाच नाही का?

द्या. झोपायच्या लहान खोलीत चारही भिंती आमसुली किंवा गडद शेवाळी, पण मॅट, आणि पांघरूण पांढरं जाड सुती. कोपरे दिसेनासे होतात आणि खोली आहे त्यापेक्षा खोल वाटते. छोट्या हॉलला मात्र मी असं सांगणार नाही, तिथे दिवसा दिवा लावावा लागेल.

दुकानदार शुद्ध सुती म्हणतो. ओळखायचं कसं?

कडेचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, मोरीत जाळा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख मऊ, करडी पडते. पॉलिस्टर वितळतं, काळा कडक मणी होतो. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखे वास मारतात. मिश्रणात राखही आणि मणीही.

यावरूनच एक काळजी. पॉलिस्टर पेटलं की वितळून अंगाला चिकटतं, सुती भडकन पेटतं. गॅसजवळ आणि देवघरातल्या निरांजनाच्या वर कुठलंही कापड लोंबू देऊ नका. देवघराला झालर हवी असेल तर ती बाजूंना, वर नको.

भाड्याचं घर आहे, खिळाही मारू देत नाहीत.

खिडकीच्या चौकटीत बसणारी, स्प्रिंगची ताणदांडी मिळते. तिला हलका पडदा लागतो. बाकी सगळं जमिनीवरून करा: सतरंजी, बैठक, लोड, तक्के. घर सोडताना गुंडाळून टेम्पोत जातं.

गडद पडदा धुतल्यावर रंग जातो. थांबवायचा कसा?

शिवायच्या आधीच तपासा. पांढरा ओला रुमाल कापडावर वीस वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड फिक्या कापडाला जोडून शिवू नका, धुण्यात पसरतो. पहिले दोन-तीन वेळा थंड पाण्यात, एकटंच धुवा आणि उलटं करून सावलीत वाळवा. मीठ घातल्याने कच्चा रंग पक्का होतो असं आपल्याकडे मानतात; कारखान्यात रंगवताना मीठ लागतं हे खरं, पण घरी एकदा रंगवलेलं कापड मिठाने पक्कं होत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा थर धाग्यात बसतो आणि रंग गेल्यासारखा वाटतो. तेव्हा शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून खळबळून बघा. पुष्कळदा रंग तिथेच असतो, वरचा थर तेवढा निघायचा असतो.